थंडावलेले तपास आणि न्यायवैद्यक पुरावा : महाराष्ट्रातील तीन खटल्यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूचा तपास लांबला किंवा थंडावला की पुढे तो केवळ प्रयोगशाळेमुळे मार्गी लागतो, असा समज रूढ आहे. लक्ष्मीबाई कर्वे (१९५६), मंजू सारडा (१९८२) आणि अश्विनी बिद्रे-गोरे (२०१६) या तीन प्रकरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. पहिल्या प्रकरणात विष सापडले नाही, तरी आरोपीस शिक्षा झाली. दुसऱ्यात विष सापडले, तरी आरोपी निर्दोष सुटला. तिसऱ्यात मृतदेहच मिळाला नाही, तरी खून सिद्ध झाला. प्रारंभीच्या काळात झालेल्या किंवा राहून गेलेल्या नोंदी या तिन्ही निकालांमागे कशा उभ्या आहेत, याचा हा शोध आहे.

बीजसंज्ञा : न्यायवैद्यक, परिस्थितीजन्य पुरावा, शवविच्छेदन, विषचिकित्सा, इलेक्ट्रॉनिक पुरावा.

प्रस्तावना

गुन्हेगारीचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा एक उपेक्षित भाग आहे. राजकीय घडामोडींची कागदपत्रे जपून ठेवली जातात, परंतु रुग्णालयाचा केसपेपर, पोलीस ठाण्यातील अकस्मात मृत्यूची नोंद, शवागाराची वही या साधनांकडे इतिहासाचे अभ्यासक क्वचितच वळतात. वस्तुतः एखाद्या काळात स्त्रीच्या जीविताला, मालमत्तेला आणि शब्दाला समाज किती किंमत देत होता, याचे उत्तर या कागदांत जेवढे स्पष्ट मिळते तेवढे ते अन्यत्र मिळत नाही.

ज्या गुन्ह्याचा तपास पुराव्याअभावी थांबला, किंवा जो गुन्हा म्हणून नोंदलाच गेला नाही, अशा प्रकरणास येथे 'थंडावलेला तपास' म्हटले आहे. ही प्रकरणे केवळ महानगरांची नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यातले माजरी हे कोळसा खाणींचे गाव आणि रेल्वे जंक्शन आहे. अशा गावांत कामानिमित्त दूरवरून आलेल्यांची वस्ती मोठी असते आणि रेल्वेमार्ग त्यांना दूरच्या प्रदेशांशी जोडतो. पलीकडे गडचिरोलीपर्यंत पसरलेले अरण्य आहे. अशा प्रदेशात अनोळखी मृतदेह मिळणे आणि त्याला नाव मिळणे यांत फार मोठे अंतर पडू शकते. हे अंतर कशाने भरून निघते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील तीन खटल्यांच्या आधारे न्यायवैद्यक पुराव्याच्या स्वरूपात झालेले बदल पाहणे.
२. वैज्ञानिक चाचणी आणि परिस्थितीजन्य पुरावा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. बेपत्ता स्त्रीविषयी समाजात प्रचलित असलेल्या कल्पनांचा तपासावर होणारा परिणाम तपासणे.

न्यायवैद्यकाची पूर्वपीठिका

विषाचा खून हा दीर्घकाळ सिद्ध न होणारा खून मानला जात असे. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये सोमल ओळखण्याची खात्रीशीर पद्धत प्रसिद्ध केली आणि या समजाला पहिला तडा गेला. १८५० मध्ये बेल्जियमच्या झां स्तास यांनी मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळे करून दाखविले. वनस्पतिजन्य विषांचा शोधही त्यामुळे शक्य झाला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि पुढे शासनाच्या रासायनिक विश्लेषकाची यंत्रणा उभी राहिली. १८७१ च्या कॉरोनर्स अधिनियमाने मुंबई व कलकत्ता या शहरांतील संशयास्पद मृत्यूंची चौकशी कॉरोनरकडे सोपविली. मुंबईतील हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य ठरविले, मात्र ते 'मत' म्हणूनच. निर्णय न्यायाधीशाचाच राहिला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेची शक्ती वाढली होती, परंतु तिच्या मर्यादाही मोठ्या होत्या. ज्या द्रव्याचा संशय आहे त्याचीच चाचणी घेता येत असे. शरीरात लवकर विघटन पावणारी किंवा शरीरातील नैसर्गिक द्रव्यांशी एकरूप होणारी द्रव्ये निसटून जात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे मे १९५७ मध्ये केनेथ बार्लो या परिचारकाच्या पत्नीचा मृत्यू झाला. तिच्या शरीरावरील सुईच्या खुणांजवळच्या ऊतींचा अर्क उंदरांना टोचून त्यात इन्सुलिन असल्याचे दाखवावे लागले. इन्सुलिनद्वारे केलेला खून त्या खटल्यात प्रथमच सिद्ध झाला, असे मानले जाते. पुण्यामुंबईच्या ज्या प्रकरणाकडे आता वळावयाचे आहे, ते या घटनेच्या सहा महिने आधीचे आहे.

लक्ष्मीबाई कर्वे प्रकरण : नाव हरवलेला मृतदेह

पुण्याच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे या पंचेचाळिशीच्या आसपासच्या विधवा होत्या. पतीने बरी मालमत्ता मागे ठेवली होती. क्षय आणि मधुमेह अशा दोन व्याधींनी त्यांना ग्रासले होते. धाकटा मुलगा १९५४ मध्ये दगावला होता आणि थोरला वेगळा राहत होता. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्या वाड्यात भाडेकरू होते व त्यांचे वैद्यकीय सल्लागारही होते. लक्ष्मीबाईंचा औषधोपचार आणि हळूहळू त्यांचे आर्थिक व्यवहार या दोन्ही गोष्टी या एकाच व्यक्तीच्या हाती आल्या.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई डॉ. लागूंसमवेत पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसल्या. मुंबईतील एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे प्रकृती दाखवावयाची, असा प्रवासाचा हेतू होता. गाडी पहाटे पाचच्या सुमारास व्हिक्टोरिया टर्मिनसला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले. सकाळी साडेअकराच्या सुमारास, शुद्धीवर न येता, त्यांचा मृत्यू झाला.

रुग्णालयाच्या केसपेपरवर 'लक्ष्मीबाई कर्वे' हे नाव नव्हते. तेथे 'इंदुमती पाँशे' अशी नोंद होती. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव इंदुमती आणि आडनाव पोंक्षे. दिलेले नाव संपूर्ण खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. ओळखणाऱ्याला शोध लागू नये आणि कधी विचारणा झालीच तर लेखनातील चूक म्हणून निभावून नेता यावे, इतपतच ते बदललेले होते. रुग्णाच्या कलकत्त्यातील एका भावाचाही हवाला देण्यात आला. असा भाऊ अस्तित्वात नव्हता. मृत्यूनंतर रुग्णालयाने डॉ. लागूंच्या पुण्याच्या पत्त्यावर तार केली, परंतु मृतदेह ताब्यात घेण्यास कोणीही आले नाही.

या प्रकरणातील निर्णायक क्षण वॉर्डात घडला. मानद वैद्य डॉ. वरियावा यांना मधुमेही बेशुद्धीचे निदान पटले नव्हते आणि त्यांनी शवविच्छेदन करण्यास सांगितले. तशी नोंद कागदावर झालीही. त्यानंतर वरिष्ठ प्रशासकीय पातळीवर ती खोडण्यात आली आणि मृत्यूचे कारण मधुमेही बेशुद्धी असे लिहिले गेले. मधुमेही बेशुद्धी सहसा एकाएकी येत नाही. तिच्या आधी तहान, उलट्या, खोल व जलद श्वसन अशी लक्षणे काही तास, प्रसंगी काही दिवस दिसतात आणि श्वासाला ॲसिटोनचा विशिष्ट वास येतो. आदल्या रात्री स्वतः गाडीत बसलेल्या रुग्णाबाबत हे चित्र जुळत नव्हते. बेवारस ठरलेला देह दहा दिवस शवागारात पडून राहिला. अखेर २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झाले, परंतु तोवर मूल्यवान काळ निघून गेला होता. रासायनिक विश्लेषकास व्हिसेऱ्यात कोणतेही विष आढळले नाही आणि शवविच्छेदनाअंतीही मधुमेही बेशुद्धी हेच मत कायम राहिले. कागदोपत्री प्रकरण मिटले.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई 'जिवंत' होत्या. त्या तीर्थयात्रेस गेल्याचे प्रथम सांगण्यात आले. पुढे त्यांच्या नावाने आप्तेष्टांना पत्रे येऊ लागली. जोशी नावाच्या गृहस्थाशी आपण पुनर्विवाह केला असून जयपूरजवळील राठोडी या गावी राहत आहोत, असा त्यांचा आशय होता. त्याच काळात बनावट सह्यांच्या आधारे त्यांच्या ठेवी आणि रोखे यांचे पैसे काढले जात होते. या पत्रांचे सामाजिक स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. सुखवस्तू घरातील विधवा यात्रेस गेली असे म्हटले की कोणी फारशी चौकशी करणार नाही, आणि तिने पुनर्विवाह केला असे म्हटले की नातेवाईक संकोचाने गप्प बसतील, या दोन सामाजिक अनुमानांवर हा बनाव उभा होता. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. त्यानंतर शंभर वर्षांनीही त्या शब्दाभोवतीचा संकोच एका खुनावर पांघरूण घालण्यास पुरेसा वाटावा, ही बाब सामाजिक सुधारणेच्या इतिहासाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

सर्वच आप्त मात्र गप्प बसले नाहीत. त्यांच्या तक्रारींवरून चौकशी सुरू झाली आणि मार्च १९५८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे सोळा महिन्यांनी, डॉ. लागूंना अटक झाली. तोवर तपासासाठी मृतदेह उरला नव्हता आणि विषाचा मागमूस नव्हता. उरले होते ते कागद. केसपेपर, खोडलेली नोंद, तार, शवविच्छेदनाचा अहवाल, बनावट पत्रे आणि बँकेतील व्यवहार. बेवारस ठरलेल्या 'इंदुमती पाँशे' आणि जयपूरकडे गेलेल्या 'लक्ष्मीबाई' या दोन व्यक्ती नसून एकच स्त्री आहे, हे या कागदांच्या जुळणीतून उघड झाले. डॉक्टरचे स्वतःचे नाव व पुण्याचा पत्ता रुग्णालयाच्या दप्तरी होता, हा तपासातील मोठा दुवा ठरला.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये दिला. न्या. एस. के. दास आणि न्या. हिदायतुल्ला यांच्या बहुमताने अपील फेटाळले गेले. विषप्रयोगाच्या खटल्यात मृत्यू विषाने झाला, ते विष आरोपीकडे होते आणि ते देण्याची संधी त्यास होती, या तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. परंतु त्या प्रत्यक्ष पुराव्यानेच सिद्ध व्हाव्यात असे नाही, परिस्थितीवरूनही त्यांचे अनुमान काढता येते, असे बहुमताने ठरविले. विष सापडलेच पाहिजे असा आग्रह धरला तर विषांचे सर्वाधिक ज्ञान असणारा गुन्हेगारच सर्वाधिक सुरक्षित राहील, हे या भूमिकेमागचे तर्कशास्त्र होते. खोटे नाव, काल्पनिक भाऊ, मृतदेहाकडे फिरवलेली पाठ आणि मृत स्त्रीच्या नावाने लिहिलेली पत्रे ही वर्तणूक निरपराध वैद्याची असू शकत नाही, या निष्कर्षावर शिक्षा टिकली.

न्या. सरकार यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता पूर्णतः नाहीशी झालेली नाही, मृत्यूनंतरची लबाडी मालमत्तेच्या लोभाचा पुरावा ठरेल, परंतु ती खुनाचा पुरावा ठरत नाही, असा त्यांच्या मताचा रोख होता. हे भिन्नमत दुर्लक्षिण्याजोगे नाही. आरोपीच्या जिवाचा प्रश्न असताना दोन न्यायाधीश एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस असावेत, हे एका खोडलेल्या नोंदीचे मोल आहे. १३ नोव्हेंबरलाच शवविच्छेदन झाले असते तर मृत्यूचे कारण निश्चित होण्याची शक्यता कितीतरी अधिक होती, मग ते कारण आरोपीच्या विरुद्ध जावो वा बाजूने.

मंजू सारडा प्रकरण : विष सापडले, दोष सिद्ध झाला नाही

लागू खटल्यानंतरच्या काळात प्रयोगशाळांची क्षमता वाढली. तथापि, चाचणी यशस्वी झाली म्हणजे गुन्हा उलगडलाच असे होत नाही, याचे उदाहरण पुन्हा पुण्यातच घडले. मंजू ही नवविवाहित तरुणी जून १९८२ मध्ये पुण्यातील सासरच्या घरी मृतावस्थेत आढळली. विवाहास अवघे काही महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाल्याचे रासायनिक तपासणीत निष्पन्न झाले. येथे विषाविषयी संदिग्धता नव्हती. प्रश्न एवढाच होता की, ते विष तिला दिले गेले की तिने स्वतः घेतले.

सत्र न्यायालयाने पतीस दोषी ठरविले व उच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी उचलून धरली. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्यास निर्दोष मुक्त केले. मंजूने बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांतून तिचे दुःख आणि खचलेपण दिसत होते. त्यामुळे आत्महत्येची शक्यता वाजवी ठरत होती. या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे मांडली गेली. प्रत्येक परिस्थिती पूर्णतः सिद्ध झालेली असावी. सिद्ध झालेली तथ्ये केवळ आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असावीत. त्यांचे स्वरूप निर्णायक असावे. त्यांनी दोषाखेरीज अन्य प्रत्येक संभाव्य अनुमान वगळावे. आणि पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की निरपराधित्वास वाजवी जागा राहू नये. विधिवर्तुळात ही सूत्रे 'पंचशील' या नावाने ओळखली जातात व आजही ती प्रमाण मानली जातात.

लागू आणि सारडा हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे न्यायवैद्यकाचे खरे स्थान स्पष्ट होते. एकात प्रयोगशाळा मौन होती, तरी साखळी पूर्ण झाली. दुसऱ्यात प्रयोगशाळा स्पष्ट बोलली, तरी साखळी तुटलेलीच राहिली. 'काय घडले' याचे उत्तर विज्ञान देऊ शकते. 'कोणी घडविले' याचे उत्तर बहुतेक वेळा त्या चाचणीबाहेरच्या कागदांत, वस्तूंत आणि माणसांत असते.

अश्विनी बिद्रे-गोरे प्रकरण : मृतदेह हरवलेले नाव

लक्ष्मीबाईंच्या प्रकरणात देह होता, परंतु त्याचे नाव हरवले होते. साठ वर्षांनी नेमकी उलट स्थिती उद्भवली. कोल्हापूर जिल्ह्यातील अश्विनी बिद्रे-गोरे या नवी मुंबई पोलीस दलात सहायक पोलीस निरीक्षक होत्या. ११ एप्रिल २०१६ पासून त्या बेपत्ता झाल्या. त्यांच्या भ्रमणध्वनीवरून मात्र त्यानंतरही कुटुंबीयांना त्या हयात असल्याचा भास निर्माण करणारे संदेश गेले. १९५७ मधील टपालाची जागा आता व्हॉट्सॲपने घेतली होती, परंतु युक्ती तीच होती. स्त्री स्वतःच्या इच्छेने कोठेतरी निघून गेली आहे, हे पटविण्याची.

जुलै २०१६ मध्ये बेपत्ता झाल्याची तक्रार झाली. जानेवारी २०१७ मध्ये पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्याविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात त्याचे नाव राष्ट्रपतींच्या पोलीस पदकाच्या यादीत होते. प्रत्यक्ष अटकेसाठी डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात कुटुंबीयांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सहायक पोलीस आयुक्त संगीता शिंदे-अल्फान्सो यांच्याकडे तपास आल्यानंतर प्रकरणास गती मिळाली. मीरा रोड येथील सदनिकेत खून करून मृतदेहाचे तुकडे केले गेले व ते वसईच्या खाडीत टाकण्यात आले, असे अभियोग पक्षाने मांडले. खाडीत शोध घेण्यात आला, परंतु दीड वर्षाहून अधिक काळ भरती-ओहोटीच्या प्रवाहात गेल्यानंतर हाती काही लागले नाही.

मृतदेह नसताना खून सिद्ध होऊ शकतो काय, हा प्रश्न भारतीय न्यायालयांना नवा नव्हता. 'रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य' (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृतदेहाची प्राप्ती ही खून सिद्ध होण्याची अनिवार्य अट नाही, असे स्पष्ट केले होते. तसे नसते तर प्रेत नाहीसे करणे हीच सुटकेची हमी ठरली असती. बिद्रे प्रकरणात मृतदेहाची उणीव भ्रमणध्वनीची स्थाने, संभाषणांचा तपशील, संदेश आणि लॅपटॉपमधील सामग्री यांनी भरून काढली. या पुराव्याच्या ग्राह्यतेचा कायदाही दरम्यान घडत आला होता. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा कायद्यात कलम ६५-ब समाविष्ट केले. जालन्यातील निवडणूक वादातून उद्भवलेल्या 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' (२०२०) या निकालाने इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना लागणाऱ्या प्रमाणपत्राची आवश्यकता अधोरेखित केली.

पनवेल येथील सत्र न्यायालयाने ५ एप्रिल २०२५ रोजी कुरुंदकरला खुनासाठी दोषी ठरविले आणि २१ एप्रिल रोजी जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुरावा नष्ट करण्यास साहाय्य करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. एका आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात आले. बेपत्ता होण्यापासून शिक्षेपर्यंत नऊ वर्षे लागली. यांपैकी पहिली सुमारे पावणेदोन वर्षे विज्ञानाच्या प्रतीक्षेत गेलेली नाहीत. लागणारे तंत्र २०१६ मध्येही उपलब्ध होते. विलंब होता तो एका बेपत्ता स्त्रीविषयीची शंका गुन्हा म्हणून नोंदवून तिचा पाठपुरावा करण्याचा.

तिन्ही प्रकरणांची तुलना

तिन्ही प्रकरणांत तपासाचा आधार बदलत गेला. १९५६ मध्ये तो हस्तलिखित कागद होता, १९८२ मध्ये रासायनिक अहवाल आणि खासगी पत्रे होती, २०१६ मध्ये यंत्राने आपोआप केलेली नोंद होती. तथापि दोन बाबी कायम राहिल्या.

पहिली बाब प्रारंभिक नोंदीची. लागू प्रकरणातील शवविच्छेदनाची सूचना खोडली गेली, तरी ती लिहिली गेली होती. म्हणूनच सोळा महिन्यांनी तिच्याकडे परत जाता आले. जी शंका लिहिली जात नाही ती पुढे कोणत्याही प्रयोगशाळेस तपासता येत नाही. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठसेपद्धती शोधली. इंग्लंडमध्ये १९८३ व १९८६ मध्ये खून झालेल्या दोन मुलींचा मारेकरी तिच्या साह्याने सापडला आणि १९८८ मध्ये त्यास शिक्षा झाली. ते शक्य झाले, कारण १९८३ चे नमुने जपून ठेवलेले होते. पद्धत नंतर आली, परंतु नमुना आधीच राखलेला होता.

दुसरी बाब सामाजिक गृहीतकाची. लक्ष्मीबाई 'जयपूरला गेल्या' आणि अश्विनी 'कोठेतरी निघून गेल्या' या दोन्ही कथा ऐकणाऱ्याच्या मनातील तयार साच्यात सहज बसणाऱ्या होत्या. पुरुष बेपत्ता झाला तर अपघाताची वा घातपाताची शंका प्रथम येते. स्त्री बेपत्ता झाली तर तिच्या चारित्र्याची चर्चा प्रथम होते. या चर्चेत जे दिवस जातात त्यांत नमुने नष्ट होतात. म्हणून येथे पूर्वग्रह हा तपासातील तांत्रिक दोषही ठरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

या निष्कर्षांचा वनजिल्ह्यांच्या दृष्टीने विचार केल्यास त्यांचे गांभीर्य वाढते. विदर्भातील कडक उन्हाळा, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि वन्य प्राण्यांचा वावर यांमुळे जंगलातील अवशेष फार लवकर विखुरतात. मुंबईच्या शवागारात दहा दिवसांनी जे हाती लागले तेवढेही येथे हाती लागेल याची शाश्वती नसते. खाणींच्या आणि रेल्वेच्या गावांत मृत व्यक्ती स्थानिक नसण्याची शक्यताही अधिक असते. त्यामुळे रेल्वेमार्गालगत अथवा नदीकाठी आढळलेल्या अनोळखी देहाची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करताना छायाचित्र, दात, जुन्या शस्त्रक्रियांच्या खुणा, कपडे व दागिने यांचे वर्णन आणि डीएनएसाठी नमुना या गोष्टी घेतल्या जातात की नाही, यावरच पुढील सर्व अवलंबून राहते.

या दिशेने काही पावले पडली आहेत. एकेकाळी नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेवर विसंबून असलेल्या या भागासाठी चंद्रपूर येथेही प्रयोगशाळा सुरू झाली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांना ती पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करावयाची आहे. मात्र ही तरतूद गुन्ह्याची माहिती नोंदली गेल्यानंतर लागू होते. 'इंदुमती पाँशे' यांचा मृत्यू गुन्हा म्हणून नोंदलाच गेला नव्हता. अशा मृत्यूंच्या बाबतीत आजही भिस्त आहे ती वॉर्डातील डॉक्टरच्या शंकेवर आणि ठाण्यातील अंमलदाराच्या लेखणीवर.

निष्कर्ष

१. न्यायवैद्यक चाचणीचा होकार वा नकार हा स्वयंपूर्ण पुरावा नसून परिस्थितीच्या साखळीतील एक दुवा आहे. लागू व सारडा हे परस्परविरुद्ध निकाल याच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत.
२. थंडावलेल्या तपासाचे भवितव्य बहुतांशी प्रारंभीच्या काळातील नोंदी व नमुने यांवर ठरते. नंतरचे विज्ञान कितीही प्रगत झाले तरी जे राखले गेले नाही ते त्यास निर्माण करता येत नाही.
३. बेपत्ता स्त्रीविषयीचे सामाजिक पूर्वग्रह गुन्हेगारास वेळ मिळवून देतात. १९५७ आणि २०१६ या दोन्ही वेळी खोटा मजकूर याच पूर्वग्रहांवर विसंबून लिहिला गेला.
४. अपुऱ्या नोंदीची किंमत मृत व्यक्तीस तशीच आरोपीसही मोजावी लागते. लागू खटल्यातील भिन्नमत हे त्याचे स्मरण आहे.
५. वनजिल्ह्यांत प्रयोगशाळेइतकेच अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे शिक्षण महत्त्वाचे आहे. समाजशास्त्र, इतिहास व विधी या विषयांच्या महाविद्यालयीन अभ्यासात अशा दप्तरांचा साधन म्हणून समावेश व्हावयास हवा.

गोकुळदास तेजपाल रुग्णालयातील एका वैद्याने मृत स्त्रीचे खरे नाव ठाऊक नसतानाही तिच्या मृत्यूविषयी शंका घेतली आणि ती लिहून ठेवण्यास सांगितले. त्या शंकेवर दुसऱ्या कोणी रेघ मारली. पुढे न्यायालयात पोहोचलेला मार्ग त्या रेघेखालच्या अक्षरांवरूनही गेला. मृत व्यक्तीस तिचे नाव परत मिळवून देणे हे न्यायवैद्यकाचे पहिले कर्तव्य होय, आणि त्याचा प्रारंभ प्रयोगशाळेच्या बराच आधी होतो.